थांबण्याचा हिशेब

तुमसरहून मोहाडीकडे येताना डिसेंबरात रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरांची रांग दिसली की समजावं, जवळ धान खरेदी केंद्र आहे. बोर्ड शोधायची गरज पडत नाही. त्या दिवशी मी रांग मोजायला घेतली आणि एकतीसवर सोडून दिली, कारण तोवर आमची स्कूटर समोरच्या राईस मिलच्या फाटकात शिरली होती. पुढे बसलेले गृहस्थ माझे भंडाऱ्यातले शेजारी. यंत्राचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. कारखान्याचं नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. मिल त्यांच्या धाकट्या भावाची. भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून त्याची मुलगी ती चालवते. नागपूरला व्यवस्थापन शिकली, पुण्यात दोन वर्षं नोकरी केली आणि परत आली. ती त्यांना मोठेबाबा म्हणते.

मला वाटलं होतं, म्हातारा माणूस माणुसकीचं बोलेल आणि शिकलेली पोर यंत्रांचं. झालं उलटंच. पुढचा संवाद दुपारी चारपासून दिवेलागणीपर्यंत मिलच्या ऑफिसात झाला. मोठेबाबांची बोली मी थोडी घासूनपुसून घेतली आहे. पूर्ण घासली असती तर ते रागावले असते.

सुरुवात बारदान्यावरून झाली. समोरच्या केंद्रावर सकाळपासून माप बंद होतं, कारण पोती संपली होती.

मोठेबाबा : हे पाह्य. धान आहे, काटा आहे, हमाल आहेत, ग्रेडर आहे. अन् पोतं नाही म्हणून सारं बंद. आमच्या स्टोअरमधी असं झालं असतं तर मले घरी बसवलं असतं. बेटा, हा प्रश्न एका कार्डानं सुटते.

पुतणी : आलं तुमचं कार्ड!

मोठेबाबा : यायलाच पाहिजे. (माझ्याकडे वळून) जी, आमच्याइथं एका नटाचे दोन डबे राहत. एक वापरात, एक मागं. पहिला रिकामा झाला की त्याच्यावरचं कार्ड निघे पुरवठादाराकडं. दुसरा डबा संपायच्या आत माल हजर. साहेबाची सही नाही, फोन नाही, विनवणी नाही. जपानातल्या टोयोटाच्या ओहनोनं बसवलेली पद्धत आहे ही. त्याले ती कल्पना कुठं सुचली माहीत आहे? अमेरिकेच्या सुपरमार्केटात. गिऱ्हाईकानं फळीवरून जेवढे डबे उचलले, तेवढेच मागून आणून ठेवायचे. जास्त नाही, कमी नाही. मी चौतीस वर्षांत सहा साहेब पाहिले. एक देवमाणूस होता, एक निव्वळ शिव्या देणारा. कार्ड दोघांच्याही राज्यात तसंच चाललं. म्हणून सांगतो, पद्धत चांगली असली की साहेब कोण आहे यानं काही फरक पडत नाही.

पुतणी : आणि पहिल्या दिवशी ते कार्ड भिंतीवर कोणी लावलं? आपोआप लागलं?

मोठेबाबा : लावलं एका साहेबानं. पण तो गेला, कार्ड राहिलं.

पुतणी : मोठेबाबा, तुमच्या कारखान्यात मालक एक होता. इथे मोजा. पिकवणारा शेतकरी. मोजणारी संस्था. तिच्यावर पणन महासंघ. भरडणारी मी. तांदूळ घेणारं सरकारी गोदाम. शेवटी रेशन दुकानदार. सहा हात, सहा मालक. तुमचं कार्ड इथे कोणी कोणाला पाठवायचं? पोतं संपलं हे केंद्रावरच्या पोराला सकाळी सातला कळलं. त्याच्या हातात काय आहे? वर कळवणं. वरच्याच्या हातात काय? आणखी वर कळवणं. पोतं येतं हुगळीच्या काठावरून. 1987 च्या कायद्यानं सरकारी धान्य तागाच्या पोत्यातच भरायचं. 2020 च्या टाळेबंदीत बंगालच्या ताग गिरण्या बंद पडल्या, तेव्हा केंद्र सरकारनं प्लास्टिकच्या पोत्यांना परवानगी दिली. ती परवानगी कार्डानं दिली नाही. कोणीतरी खुर्चीवरच्या माणसानं कायदा बाजूला ठेवायची जोखीम घेतली, तेव्हा माल हलला.

मोठेबाबा काही बोलले नाहीत. चष्मा पुसला. चौतीस वर्षांचा स्टोअरकीपर हिशेब चुकल्यावर करतो ती हालचाल मी ओळखू लागलो आहे.

इथे वाचकासाठी थोडं थांबतो. भंडाऱ्यातल्या साखळ्या अनेक आहेत आणि त्या एकमेकींच्या शेजारी असूनही एकमेकींशी बोलत नाहीत. लाखनीजवळ गडेगावला अशोक लेलँडचा गिअरबॉक्सचा कारखाना 1982 पासून आहे. तिथली गिअरपेटी होसूर, एन्नोर, पंतनगर अशा हजार किलोमीटर किंवा त्याहून दूरच्या कारखान्यांत जाऊन ट्रकमध्ये बसते, आणि ती वेळेवर गेली नाही तर तिकडची जुळणी अडते. डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याचं मँगनीज तुमसर रोड स्थानकातून देशभर जातं. वरठीला पोलाद तयार होतं. या सगळ्यांच्या फाटकापासून दोन-चार कोसांवर धान उघड्यावर ताडपत्रीखाली पडलेला असतो. त्याच मातीतली माणसं आत शिरली की मिनिटांचा हिशेब ठेवतात आणि बाहेर आली की आठवड्यांचा. माणसं आळशी म्हणून असं होतं हे मला पटत नाही, आणि आत यंत्रं आहेत एवढंच कारणही पुरत नाही.

पुतणीनं चहा मागवला आणि हार्वेस्टरचा विषय काढला.

पुतणी : तुम्हाला नवी पद्धत म्हणजे नेहमी चांगलीच वाटते. मी एक सांगते. माझ्या लहानपणी धान विळ्यानं कापायचे. कडपा वाळल्या की पुंजणे रचायचे. मग सवडीनं चुरणी. (पुंजणे म्हणजे कापलेल्या धानाच्या गंजी, चुरणी म्हणजे मळणी.) कोणाची दिवाळीनंतर, कोणाची संक्रांतीनंतर. धान बाजारात येत राहायचा, हळूहळू. आता पंजाबकडून हार्वेस्टर येतात. एकराचं काम तासाभरात. मजूर मिळत नाहीत, म्हणून शेतकऱ्याला दोषही देता येत नाही. पण झालं काय? दोन महिन्यांत यायचा तो धान तीन आठवड्यांत केंद्रावर. तोही ओला. केंद्राची मर्यादा 17 टक्के ओलाव्याची. मग रस्त्यावर वाळवा, परत आणा, परत रांगेत लागा. गाडी एका ठिकाणी जोरात धावली म्हणून साखळी जोरात धावत नाही. पुढच्या कडीवर आदळते.

मोठेबाबा : म्हणजे पुंजणा हाच गोदाम होता.

पुतणी : हो! बिनभाड्याचा. शेतकऱ्याच्या बांधीत. आग लागायची, उंदीर खायचे, सगळं मान्य. पण साठा तिथे थांबायचा. तो मोडला आणि त्याच्या जागी काहीच बांधलं नाही.

मोठेबाबा : मग ही अर्धी सुधारणा झाली ना. पूर्ण केली असती तर ड्रायर लावले असते, केंद्रं वाढवली असती. दोष यंत्राचा नाही.

पुतणी : यंत्राचा नाहीच म्हणते मी. पूर्ण करायची कोणी, हे विचारते. हार्वेस्टरवाल्यानं त्याचा धंदा केला. शेतकऱ्यानं त्याचा खर्च वाचवला. प्रत्येकानं आपापल्या जागी शहाणपण केलं आणि सगळे मिळून रस्त्यावर आले.

मला स्वतःला हे उदाहरण त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं वाटलं. नव्या कल्पनांवर भाषणं पुष्कळ होतात, पण नवी कल्पना गर्दी नाहीशी करत नाही, बहुतेक वेळा ती फक्त पुढच्या दारात नेऊन ठेवते, हे कोणी बोलत नाही. ऑनलाइन नोंदणीचंही तसंच झालं. सातबारा, आधार, पासबुक घेऊन आता आधी संगणकावर नोंदणी. केंद्रावरचा गोंधळ कमी झाला, खरं आहे. तो सेतू केंद्रासमोर जाऊन उभा राहिला.

मोठेबाबा मात्र मागे हटायला तयार नव्हते. त्यांनी धानावरच्या सरकारी बोनसचा मुद्दा काढला, आणि इथे त्यांची बाजू भक्कम होती.

मोठेबाबा : बरं, हे सांग. 2020-21 ले बोनस कसा होता?

पुतणी : क्विंटलमागे 700.

मोठेबाबा : म्हणजे कागदावर जेवढे क्विंटल, तेवढा बोनस. मग कागद फुगणारच. बाजूच्या राज्यातला धान आपल्या सातबाऱ्यावर चढणारच. तेव्हा काय कमी भाषणं झाली? चौकशा, भरारी पथकं, कडक साहेब. फरक कधी पडला? 2022-23 ले बोनस हेक्टरी केला तेव्हा. हेक्टरी 15,000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत. तू किती क्विंटल मोजले याच्याशी बोनसचा संबंधच तोडला. एका ओळीचा बदल. कोणी साधू झाला नाही, कोणी पकडला गेला नाही, बोनससाठी क्विंटल फुगवायचं कारणच संपलं. याले म्हणतात पद्धत!

पुतणी : हे मान्य. पूर्ण मान्य. फक्त हमीभाव अजून क्विंटलवरच आहे, तेव्हा बाहेरचा धान आत यायचं एक कारण शिल्लक आहे.

मोठेबाबा : आहे. पण दोन कारणांतलं एक गेलं.

पुतणी : आणि ती एक ओळ बदलायला कोणीतरी ठरवावं लागलं.

मोठेबाबा : तू फिरून तिथंच येते.

पुतणी : कारण मी फिरून तिथंच अडकते ना, मोठेबाबा. रोज.

मग तिनं देवरीच्या पलीकडे, छत्तीसगडकडे, बोट दाखवलं. छत्तीसगडनं 2004 मध्ये रेशन दुकानं खासगी दुकानदारांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था आणि बचत गटांना दिली. पुढे धान खरेदीपासून दुकानापर्यंतची साखळी संगणकावर आणली. गोदामातून निघणारे ट्रक पिवळे रंगवले, म्हणजे रस्त्यात कुठे भलतीकडे वळले तर गावाला दिसावेत. ट्रक निघाल्याचा निरोप नोंदवलेल्या मोबाईलवर जाऊ लागला. तेव्हाचे मुख्यमंत्री रमणसिंग यांना लोक ‘चाउर वाले बाबा’ म्हणू लागले, ते रेशनच्या तांदळामुळे. तिचं म्हणणं असं की संगणक तर महाराष्ट्रातही होते, पण दुकानदारांच्या नाराजीला तोंड द्यायची तयारी तिकडच्या नेतृत्वानं दाखवली.

मोठेबाबा : आणि 2015 ले? त्याच राज्याच्या नागरी पुरवठा महामंडळावर छापे पडले, ते विसरली का?

पुतणी : नाही विसरले.

मोठेबाबा : मग? नेता तोच, खुर्ची तीच. माणसाच्या भरवशावर साखळी ठेवली की असंच होते. आज जागा आहे, उद्या झोपला.

पुतणी : पण पिवळा रंग तरी होता ना? त्या रंगाला काय म्हणाल, यंत्र की नेतृत्व? रंगाच्या डब्याला किती पैसे लागतात? त्यातली नवी गोष्ट रंगात नव्हती. ट्रककडे पाहायचा अधिकार रस्त्यावरच्या माणसाला दिला, यात होती.

इथे मी मध्ये पडलो. येताना रस्त्यात एक मालगुजारी तलाव लागला होता, त्याची पाळ झुडपांनी भरलेली. मी म्हटलं, आपल्या जिल्ह्यात पुरवठ्याची सगळ्यात जुनी साखळी धानाची नाही, पाण्याची आहे. कोहळी लोकांनी उतार पाहून तलाव बांधले. वरचा भरला की सांडवा खालच्यात. पाणी सोडायला पाणकर. कोणाच्या बांधीला आधी, कोणाला मागून, हे ठरलेलं. पाळ फुटली तर दुरुस्तीचा जिम्मा मालगुजारावर, म्हणजे गावच्या जमीनदारावर, आणि गावावर. मालगुजार काही संत नव्हते, वेठही घेत. पण पाळ फुटली तर त्याचंही शेत बुडे. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, जायलाच हवी होती, आणि तलाव सरकारजमा झाले. सांडवा तोच, उतार तोच. गाळ काढायची वेळ आली की मात्र प्रत्येक खातं दुसऱ्याकडे पाहतं.

पुतणी : पाहा, माणूस गेला आणि पद्धत मेली.

मोठेबाबा : काहून? पद्धत मेली कुठं? कित्येक पिढ्या झाल्या, अजून पाणी भरते त्यात. पाळ बांधणारा मेला, मालगुजार गेला, तरी उतार काम करून राहिला. मीच जिंकलो.

दोघंही खरं बोलत होती. म्हणून मी गप्प बसलो आणि चहा संपवला. मात्र मालगुजाराचंही शेत बुडायचं, हे माझंच वाक्य माझ्या डोक्यात अडकून राहिलं.

तेवढ्यात मिलचा मुनीम आला. ‘एफआरके’ची गाडी आज येत नाही, असं सांगून गेला. मला समजेना. तिनं समजावलं. रेशनच्या तांदळात तेव्हा पोषक कणांचा तांदूळ मिसळावा लागे, शंभर किलोत एक किलो. तो दाणा वेगळ्या कारखान्यात तयार होतो. तिचं स्वतःचं काम सरळ आहे. एक क्विंटल धान घ्यायचा, 67 किलो तांदूळ द्यायचा. उन्हाळी धान तडकतो, कणी जास्त पडते, 67 भरताना घाम फुटतो, ते निराळं. पण आत्ता तांदूळ तयार आहे, सॉर्टेक्स यंत्रातून निघून थप्पी लागली आहे, आणि शंभरातला तो एक किलो आला नाही म्हणून नव्व्याण्णव किलो थांबले आहेत. तांदूळ थांबला म्हणून मिलमध्ये जागा नाही. जागा नाही म्हणून ती केंद्रावरचा धान उचलत नाही. धान उचलला जात नाही म्हणून केंद्राचं गोदाम भरलेलं. आणि आज पोती आली असती तरी माप फार वेळ चाललं नसतं.

मोठेबाबांचे डोळे चमकले. अडथळा दिसला की स्टोअरकीपरला आनंद होतो.

मोठेबाबा : हे तर आयसिनसारखं झालं! ऐका जी. 1 फेब्रुवारी 1997. जपानात करियाले आयसिनच्या कारखान्याले आग लागली. तिथं ब्रेकची एक व्हॉल्व्ह बनत असे. एवढीशी. टोयोटाच्या जवळजवळ साऱ्या गाड्यांले तीच लागे, अन् टोयोटाकडं साठा किती? काही तासांचा. आमचीच पद्धत, साठा ठेवायचा नाही. झालं, लाइनी बंद. जाणत्यांनी म्हटलं, आता कित्येक आठवडे लागतात. अन् आठवडाभरात गाड्या निघू लागल्या. कशा? दोनेकशे कंपन्या धावल्या. आयसिननं नकाशे वाटून टाकले. शिवणयंत्रं बनवणाऱ्या ब्रदर कंपनीनं व्हॉल्व्ह करून दिली, जिनं मोटारीचा भाग कधी केला नव्हता. भाव कोणी आधी ठरवला नाही, करारही केला नाही.

पुतणी : करार न करता?

मोठेबाबा : हो ना बाप्पा. नंतर पाहू म्हणाले.

पुतणी : म्हणजे तुमच्या लाडक्या पद्धतीचा साठा संपला, तेव्हा कामाला काय आलं? माणसांचा एकमेकांवरचा भरवसा. उद्या माझी मिल जळाली तर इथला कोण मला नकाशा मागेल? शेजारचा मिलवाला आधी माझा कोटा आपल्याला मिळतो का ते पाहील.

मोठेबाबा : (बऱ्याच वेळानं) भरवसा होता, खरं आहे. पण तो काय आगीच्या दिवशी उगवला नाही. तीस-चाळीस वर्षं त्यांनी एकमेकांचे पैसे वेळेवर दिले असतील. तो भरवसाही पद्धतीतूनच आला, बेटा.

आणि मग, कोणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी एक गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांच्या शेजारात मी ती ऐकली नव्हती.

मोठेबाबा : आमच्याइथं ही पद्धत आली त्या वर्षी माझं स्टोअर निम्मं रिकामं झालं. फळ्या दिसू लागल्या. बाहेरून पाहुणे येऊन फोटो काढून गेले. आम्ही पेढे वाटले. साठा एवढ्या लाखांनी घटला म्हणून मले प्रमाणपत्र मिळालं, घरी लावलं आहे, यांनी पाहिलं आहे. (मी पाहिलं होतं.) अन् एक दिवस रात्रपाळी संपवून फाटकाबाहेर आलो तर ट्रक उभे. अकरा ट्रक. आमचेच पुरवठादार. लहान लहान लोक, दोन लेथवाले, चार लेथवाले. माल तयार करून आणलेला, पण कार्ड निघालं नाही म्हणून आत घ्यायचा नाही. ड्रायव्हर रस्त्याच्या कडेले चूल मांडून बसलेले. एकानं मले विचारलं, साहेब, किती दिवस? मी घरी गेलो अन् झोपलो नाही. साठा घटलाच नव्हता ना! तो माझ्या फळीवरून उठून त्या लोकांच्या ट्रकात जाऊन बसला होता. व्याज ते भरत होते अन् पेढे आम्ही खाल्ले.

पुतणी : मग काय केलं तुम्ही?

मोठेबाबा : मी स्टोअरकीपर. मी काय करतो? साहेबाले सांगितलं. तो म्हणे, आपला आकडा बरोबर आहे ना? आकडा बरोबर होता.

मिलमधला पट्टा मघाशीच बंद झाला होता. बाहेर कोणीतरी ट्रॅक्टरचं इंजिन सुरू करून हातभर पुढे घेतलं आणि पुन्हा बंद केलं. तिनं मग तिची गोष्ट सांगितली. सूड म्हणून नव्हे, बहुतेक परतफेड म्हणून.

मिल हातात आली तेव्हा तिनं बरंच नवं आणलं. ट्रकांना जीपीएस, मोबाईलवर थप्पीचा हिशेब, जुन्या सॉर्टेक्सच्या जागी नवा. पहिलं वर्षभर काही फरक पडला नाही. तिच्याच अंगणात ट्रक दोन-दोन दिवस उभे राहत. ड्रायव्हर कुठे आहे ते आता फोनवर दिसायचं, एवढंच. मग एका भाडेवाल्याशी भांडण झालं आणि रागाच्या भरात ती म्हणाली, चोवीस तासांच्या वर थांबलास तर मी हॉल्टिंग देईन, दिवसाचे इतके. लिहून दिलं. सगळ्याच ट्रकांना लागू केलं. हमालांनाही, कारण हमालीचा दर पोत्यामागे असतो आणि पोतं नसलं की माणूस फुकट बसून राहतो. त्यांना अर्ध्या दिवसाची बसणावळ.

पुतणी : पहिल्या महिन्यात माझे इतके पैसे गेले की आई म्हणाली, बाबांची मिल विकून टाक. आणि मग मोठेबाबा, गंमत झाली. मुनीम सकाळी सहाला यायला लागला. काटा आधी की ओलावा आधी, हा जो रोजचा वाद होता, तो दोन दिवसांत मिटला. फाटकापासून थप्पीपर्यंतचा रस्ता कोंड्याच्या ढिगानं अडत होता. वर्षभर अडत होता, मला दिसत होता. तो हलवला. जीपीएस तेच होतं, फोन तोच होता. फक्त ट्रक थांबला की आता माझ्या खिशातून पैसे जायचे.

मोठेबाबा : (हळूच) म्हणजे कार्ड लावलं तू. पैशाचं.

पुतणी : हो. पण ते लावायला मला एका माणसाशी भांडावं लागलं, आईशीही.

मोठेबाबा : बरं. अर्धं तुझं, अर्धं माझं.

पुतणी : अर्धं-अर्धं नाही. मी त्या भाडेवाल्याला विचार करून हॉल्टिंग दिलं नाही, रागात दिलं. शहाणपणाचं श्रेय मला देऊ नका.

मला तिचा हा प्रामाणिकपणा आवडला. पुढारीपणावरच्या पुस्तकांत दूरदृष्टी फार असते, राग नसतो. तिच्या मिलमध्ये जे बदललं ते एका चिडलेल्या दुपारी बदललं. टिकलं मात्र लिहून दिल्यामुळे.

मोठेबाबा उठून खिडकीशी गेले होते. तिथून रस्ता दिसतो. अंधार पडू लागला होता आणि रांगेतल्या लोकांनी दोन-तीन ठिकाणी शेकोट्या पेटवल्या होत्या.

मोठेबाबा : तुझ्या ट्रकाले तू हॉल्टिंग देते. माझ्या त्या अकरा ट्रकांले कोणी दिलं नाही. अन् या ट्रॅक्टरांले कोण देते?

पुतणी : ते माझ्याकडे येत नाहीत ना. संस्थेकडे येतात. माझ्या हातात...

ती थांबली. सकाळी सातला पोतं संपल्याचं वर कळवणाऱ्या केंद्रावरच्या त्या पोराचंच वाक्य आपल्या तोंडी येतंय, हे तिच्या लक्षात आलं असावं. माझ्या तर आलं.

पुतणी : रांगेतला शेतकरी माझ्यामुळे थांबला आहे, हे खरं आहे. मी धान उचलला असता तर केंद्राला जागा झाली असती. आणि मी एफआरकेमुळे थांबले आहे. आणि ते कोणामुळे, ते मला माहीत नाही. मला फक्त फोनवर सांगतात, उद्या.

मोठेबाबा : मग त्याचा दिवस कोणाच्या वहीत लागते?

पुतणी : कोणाच्याच नाही. धान किती क्विंटल आला ते लिहितात. ओलावा किती ते लिहितात. चुकारे कधी झाले तेही आता दिसतं. तो किती तास उभा होता, हा रकाना कुठेच नाही.

मोठेबाबांनी टेबलावरचा थप्पीवर खुणा करायचा खडू उचलला, खिशात टाकला आणि चपला घालून बाहेर निघाले. मला वाटलं लघवीला गेले. पाच मिनिटांनी आम्ही फाटकाशी येऊन पाहतो, तर ते रांगेच्या शेवटाशी होते. एका ट्रॉलीच्या मागच्या फळक्यावर वाकून, मोबाईलच्या उजेडात, काहीतरी लिहीत होते. स्टोअरकीपरचं अक्षर, ठळक, वळणदार. पुढच्या ट्रॉलीपाशी गेले. ट्रॅक्टरवाल्याला काही विचारलं, त्यानं बोटं दाखवली, यांनी लिहिलं. मग त्याच्या पुढच्या.

शेकोटीपाशी बसलेला एक तरुण उठून आला.

"कायले लिहून राहिले जी? सरकारी आहे का?"

"नाही."

"मग?"

"तू कधी आला?"

"काल. दुपारच्या जेवणाच्या येळी."

मोठेबाबांनी फळक्यावर लिहिलं : काल, 1 वाजता. मग घड्याळ पाहून त्याच्याखाली : आज, 6 वाजून 40. मधे रेघ मारली आणि वजाबाकी करू लागले.